घरच्या पडवीत लाकडी कनू: टाके घालून होडी कशी बांधायची

माझी पहिली कनू साताऱ्याला आमच्या घराच्या पडवीत झाली. दिवाळीनंतर सुरू केली, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार काम करत गेलो आणि होळीच्या आधी ती पाण्यात गेली. एकूण शंभर-सव्वाशे तास लागले. त्याआधी सुतारकाम म्हणजे दाराला बिजागरी बसवणं, एवढीच माझी मजल होती. हे लिहिताना समोर तसाच माणूस धरलाय: हाताला कामाची आवड आहे, पण होडी कधी बांधलेली नाही.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची हलकी होडी. कयाक वरून झाकलेली असते आणि तिचं वल्हं दोन पात्यांचं असतं. कनूत दोन माणसं, डबा, पाण्याची बाटली, एखादं लहान मूल असं सगळं मावतं, आणि बांधायलाही ती सोपी.

पद्धत कोणती निवडायची

अखंड खोड कोरून केलेले डोंगे आपल्याकडे जुने आहेत, पण त्याला लागणारं झाड आता मिळत नाही आणि मिळालं तरी तोडू नये. बारीक पट्ट्या एकाशेजारी एक चिकटवून केलेली कनू फार देखणी दिसते, पण वेळ दुप्पट लागतो. नवशिक्याने प्लायवूडच्या फळ्या तारेने शिवून आणि इपॉक्सी या दोन भाग कालवून वापरायच्या गोंदाने सांधून होडी करावी. ही पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये रूढ झाली. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी आखलेली ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी अशाच तांब्याच्या तारेने आणि फायबरच्या (काचतंतूंच्या) पट्टीने जोडायची होती, आणि ती हजारो लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बांधली.

शिवून होडी करायची कल्पना आपल्या किनाऱ्याला मात्र कितीतरी जुनी आहे. फळ्यांना कडेने भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवायच्या, फटीत काथ्या आणि राळ भरायची. खिळा कुठेच नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून आखलेलं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ गोव्यात असंच शिवून बांधलं आणि मे २०२५मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. आपल्या कनूत फरक एवढाच की टाके कायमचे नाहीत. सांधा पक्का होईपर्यंत ते फळ्या धरून ठेवतात, नंतर काढून टाकायचे.

टाके आहेत तोवर काहीही सुधारता येतं, गोंद लागला की काहीच नाही. सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून पुढे टाक्यांवर जास्त लिहिलंय.

जागा आणि ऋतू

५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, सावलीची, वारा खेळता असलेली जागा लागते. सोसायटीचं पार्किंग चालेल, पण करवतीचा आवाज आणि धूळ यांबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. सुरुवात करण्यापूर्वी १५ फुटांचा एक बांबू घ्या आणि दोघांनी धरून कामाच्या जागेपासून रस्त्यापर्यंत नेऊन बघा. जिन्याच्या वळणावर बांबू अडला तर होडीही अडणार.

इपॉक्सीला २० ते ३० अंश तापमान आणि कोरडी हवा मानवते. पावसाळ्यात दमट हवेमुळे तिच्यावर मेणासारखा चिकट थर येतो. एप्रिल-मेमध्ये ती हातातल्या हातात घट्ट होते, कारण साधारण दर १० अंशांना तिचा वेळ निम्म्यावर येतो. महाराष्ट्रात दिवाळी ते होळी हाच खरा हंगाम. घाटमाथ्यावरच्या थंडीत रात्री इपॉक्सी फार हळू सुकते; तेव्हा वरून जुनी चादर टाकून आत एक साधा बल्ब लावून ठेवला तरी पुरतं, फक्त तो चादरीला किंवा लाकडाला टेकता कामा नये.

आराखडा

पहिल्या होडीला स्वतःची आकृती काढायला जाऊ नका. पाच फळ्यांच्या कनूचे तयार आराखडे विकत मिळतात, काही फुकटही मिळतात. एक तळाची फळी, तिच्या दोन्ही बाजूंना अरुंद तिरक्या फळ्या आणि वर दोन बाजूच्या फळ्या. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, मधली रुंदी ८० ते ८५ सेंमी, मध्यावर खोली ३० सेंमी, टोकांना ४५ सेंमी, असा आराखडा निवडा. यापेक्षा अरुंद होडी वेगाने जाते पण नवख्याला डगमगते वाटते. फार रुंद केली तर वल्हं पाण्यापर्यंत नेताना खांदे दुखतात.

वजन पेलेल का, हे एका गुणाकारात कळतं. पाण्याच्या रेषेवर लांबी ४.३ मीटर, रुंदी ०.७५ मीटर, आणि होडी १२ सेंमी बुडाली असं धरा. तिन्हींचा गुणाकार ०.३९ घनमीटरच्या जवळ येतो. कनू दोन्हीकडे निमुळती असल्याने त्याच्या साधारण निम्मं धरायचं, म्हणजे ०.१९ घनमीटर. गोड्या पाण्याचं एक घनमीटर म्हणजे १००० किलो, तेव्हा ही होडी १९० किलोला १२ सेंमी बुडेल. दोन मोठी माणसं, होडीचं स्वतःचं ३० किलो आणि थोडं सामान, एवढ्यात हिशेब बसतो. मध्यावर अजून १८ सेंमी काठ पाण्याबाहेर राहतो.

मग जाड कार्डशीटवर १ ला १० या प्रमाणात फळ्या काढा, कापा आणि चिकटपट्टीने जोडा. एका संध्याकाळचं काम आहे, टाळू नका. सपाट कागद कडेने जोडला की आपोआप होडीसारखा फुगतो, हे एकदा हाताने अनुभवलं की मोठ्या फळ्यांची भीती जाते. आमच्या घरी त्या छोट्या होडीत अजून चाव्या ठेवतात.

सामान

प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचंच घ्या, म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ चं साधं प्लाय कपाटाला ठीक, पाण्यात नाही. ४ मिमी जाडीचे ८ बाय ४ फुटांचे तीन ताव पुरतात. लहान दुकानात ४ मिमी ठेवत नाहीत, मागवावं लागतं. ६ मिमी सहज मिळतं, पण होडी आठ-दहा किलोंनी जड होते आणि टोकाकडे वाकवताना त्रास देते.

शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी आणलेल्या पहिल्या तावात मधल्या थरात बोटभर रुंद पोकळी निघाली, कापल्यावरच कळलं. तेव्हापासून मी ताव उभा करून चारही कडा टॉर्चने बघतो आणि बोटाच्या पेराने ठोकत जातो. पोकळ जागी आवाज बदलतो. एक तुकडा जुन्या पातेल्यात सात-आठ तास उकळून सावलीत वाळवा. आयएस ७१० ची खरी चाचणी ७२ तास उकळण्याची आहे, पण खोटं प्लाय आठ तासांतच पापुद्रे सोडतं.

चिकटवायला इपॉक्सी रेझिन आणि तिला घट्ट करणारा हार्डनर, मिळून ८ किलो. स्वस्त पॉलिएस्टर रेझिन घेऊ नका; ते फायबरला धरतं, लाकडाला नीट धरत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत सांध्यातून सुटतं. इपॉक्सीचं मिश्रणाचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. काहींना १०० ला १०, काहींना २ ला १. नवख्याने २ ला १ वाली, सावकाश घट्ट होणारी घ्यावी. १०० ला १० मध्ये दोन ग्रॅम हार्डनर इकडेतिकडे झाला तरी मिश्रण बिघडतं.

बाकीचं: २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणीचं फायबरचं कापड ६ मीटर, ७५ मिमी रुंद फायबरची पट्टी ३० मीटर, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून १८ गेजची तांब्याची तार, काठासाठी सागाच्या २० बाय १२ मिमीच्या चार लांब पट्ट्या, एरोसिल नावाने मिळणारी पांढरी हलकी पूड, नायट्राइलचे हातमोजे पेटीभर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. हत्यारांत जिगसॉ, ड्रिल, छोटा रंधा, कानस, गुण्या, ओळंबा. वजनकाटा स्वयंपाकघरातला आणलात तर तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधीच सांगा.

दोन तावांचा एक ताव

ताव आठ फुटांचा, होडी पंधरा फुटांची, तेव्हा आधी जोड द्यावा लागतो. एक ताव लांबीत उभा कापून दोन अर्धे करा. म्हणजे दीड ताव अधिक दीड ताव अशी जोडणी बसते. जोड तिरका करायचा, जाडीच्या आठपट लांबीचा. ४ मिमीला ३२ मिमी.

जोडायचे तुकडे एकावर एक पायऱ्यांसारखे ठेवा, प्रत्येक ३२ मिमी मागे. खाली एक सरळ फळी द्या, सगळं घट्ट आवळा आणि पायऱ्यांवरून रंधा मारत एकच उतार करा. मोजपट्टीची गरज पडत नाही, कारण प्लायच मोजून दाखवतं. उतार होत गेला की त्याचे थर गडद-फिकट पट्ट्यांसारखे उघडे पडतात. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे असतील तर उतार बरोबर आहे. कुठे पट्टा नागमोडी झाला तर तिथे खड्डा किंवा उंचवटा. रंध्याचं पातं धारदार ठेवा, प्लायमधला गोंद ते लवकर बोथट करतो.

दोन्ही उतारांना आधी नुसती पातळ इपॉक्सी पाजा, दहा मिनिटांनी एरोसिल मिसळून घट्ट केलेली लावा, वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून जोडा आणि वरून विटा. प्लास्टिक विसरलात तर ताव फरशीला जोडला जाईल. चोवीस तास हात लावू नका.

आखणी आणि कापणी

आराखड्यात ठरावीक अंतरावर मापं दिलेली असतात. तावावर मध्यरेषा मारा, गुण्याने आडव्या रेषा काढा, मापांचे ठिपके द्या आणि प्रत्येक ठिपक्यावर बारीक खिळा ठोका. मग बीडिंगची एक लांब, गाठ नसलेली पट्टी खिळ्यांना लावून वाकवा आणि रेष मारायच्या आधी जमिनीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून तिच्याकडे लांबून बघा. एखाद्या खिळ्यापाशी पट्टी ठेच लागल्यासारखी दिसली तर मापापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवा आणि तो खिळा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकवा.

डावी-उजवी फळी एकावर एक ठेवून एकदमच कापा. रेषेच्या बाहेरून २ मिमी सोडून जिगसॉ चालवा आणि उरलेलं रंध्याने रेषेपर्यंत आणा. दोन्ही फळ्या तंतोतंत सारख्या असणं हे मापाला तंतोतंत असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

टाके

फळ्या एकत्र धरलेल्या असतानाच कडेपासून १० मिमी आत, १० ते १५ सेंमी अंतरावर २ मिमीची भोकं पाडा. टोकांकडे वाक जास्त, तिथे अंतर कमी करा. तारेचे बोटभर तुकडे कापून ठेवा. अडीचशेच्या आसपास लागतील.

तळाची फळी दोन घोड्यांवर, म्हणजे सुताराच्या लाकडी तिवयांवर, ठेवा, शेजारच्या फळ्या मध्यापासून टोकांकडे शिवत जा. तार आतून घालायची, पीळ बाहेर ठेवायचा आणि फक्त बोटांनी पिळायची. पक्कड आत्ता हातात घेऊच नका. सगळे टाके पडेपर्यंत होडी घोंगडीसारखी लोंबते आणि वाटतं की काहीतरी चुकलं. वरच्या फळ्या बसल्या, दोन्ही नाळांपाशी, म्हणजे होडीच्या टोकांशी, फळ्या जुळल्या आणि मध्ये आडवे साचे घातले की दहा मिनिटांत तिला आकार येतो. हे साचे म्हणजे आराखड्यातल्या आडव्या छेदाएवढ्या, जाड प्लायच्या कापलेल्या तात्पुरत्या फळ्या. त्यांच्या कडांना चिकटपट्टी लावा म्हणजे इपॉक्सी त्यांना धरणार नाही.

आता थांबायचं. पूर्ण दोन दिवस.

पहिल्या दिवशी सरळपणा बघा. टोकापासून टोकापर्यंत मध्यरेषेवर दोरी ताणा, ठिकठिकाणी ओळंबा सोडा, तो तळाच्या मध्यरेषेवर पडायला हवा. मग होडीलाच पीळ पडलाय का ते बघा. अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचे दोन सरळ तुकडे काठावर आडवे ठेवा, एक पुढे, एक मागे. पाच-सहा पावलं मागे जाऊन डोळे त्या पातळीवर आणा आणि जवळच्या नळीवरून लांबच्या नळीकडे बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

माझ्या होडीत मला सगळं बरोबर वाटलं होतं. आमच्या गल्लीतले एक सुतारकाका दूध घेऊन चालले होते, ते फाटकाशीच थांबले.

“अरे, हिचा डावा खांदा पडलाय बघ.”

“काका, मोजलंय मी. रुंदी सगळीकडे सारखी येतेय.”

“रुंदी मोजलीस. पीळ मोजलास का?”

तेव्हा त्यांनी मला नळ्यांची ही रीत दाखवली. पुढच्या टोकाला एक सेंटिमीटरचा पीळ होता. कारणं दोन होती. पडवीची फरशी पावसाचं पाणी जावं म्हणून उताराला होती, आणि डाव्या बाजूचे चार टाके मी पक्कडीने आवळले होते. काकांनी ते चारही सैल करायला लावले, घोड्याच्या एका पायाखाली कौलाचा तुकडा सरकवला आणि काठावर एक वीट ठेवली. “आता बोटाने आवळ,” म्हणाले. नळ्या जुळल्या. गोंद लागल्यावर हे दिसलं असतं तर ती होडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहिली असती, आणि मला वाटलं असतं की माझंच वल्हवणं वाकडं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी तेच सगळं परत. लाकूड रात्रभरात थोडं स्थिरावतं. सांध्यांवरून बोट फिरवा. एक फळी दुसरीवर चढली असेल तर पेचकसाने ढकलून जागेवर आणा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावून विचारा, “काही वाकडं दिसतंय का?” ज्याने ती बांधलेली नाही त्याला पटकन दिसतं.

इपॉक्सी

आधी सुरक्षा. हार्डनर त्वचेला वारंवार लागला तर अॅलर्जी होते आणि एकदा झाली की ती जात नाही. हातमोजे प्रत्येक वेळी घाला. हाताला लागलंच तर साबणाने धुवा, थिनरने नाही. थिनर ते त्वचेत आणखी आत नेतो. घासताना धूळ अडवणारा मास्क हवाच.

एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच कालवा, उथळ भांड्यात, दोन मिनिटं, कडा आणि तळ खरवडत. एका रविवारी वेळ वाचवायला मी अर्धा किलो एका उंच मगात कालवली. सात-आठ मिनिटांत तो हाताला भाजला, नंतर धूर निघाला. अंगणात मातीवर नेऊन ठेवेपर्यंत मगाचा तळ वितळला होता. इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेनेच तापत जाते, आणि खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडत नाही.

आतल्या कोपऱ्यात भरायच्या लुगदीसाठी मैद्याच्या चाळणीने चाळलेला बारीक भुसा आणि थोडी एरोसिल इपॉक्सीत मिसळा. श्रीखंडासारखं झालं तर ते ओघळतं. चक्क्यासारखं व्हायला हवं: चमचा उलटा धरला तरी जागचं हलत नाही, पण पसरवताना फाटत नाही.

पहिल्या फेरीत टाक्यांच्या मधल्या जागेतच बोटभर लुगदीचे ठिपके द्या, तारेवर नको. चोवीस तासांनी तारा कापून ओढून काढा. एखादी अडकली तर सोल्डरिंग आयर्न तिला टेकवा. तापली की अलगद निघते. साचेही आता निघतील. दुसऱ्या फेरीत सगळ्या आतल्या सांध्यांत सलग लुगदी भरा आणि गोल तोंडाच्या चमच्याच्या पाठीने एका ओढीत गुळगुळीत करा. गोलाई अंगठ्याच्या रुंदीएवढी. बाजूला सांडलेली लगेच खरवडून घ्या, नाहीतर उद्या तीच तासभर घासावी लागेल. ती ओली असतानाच वर फायबरची पट्टी ठेवा आणि ब्रशने पातळ इपॉक्सी पाजा. पट्टी पांढरी असते. भिजली की दिसेनाशी होते. जिथे पांढरं दिसतं तिथे ती कोरडी आहे.

बाहेरची बाजू

होडी उलटी करा, बाहेरच्या कडा रंध्याने आणि कानशीने गोल करा. धारदार कडेवर फायबर बसत नाही, त्याखाली हवा राहते. भोकं लुगदीने बुजवा. मग कापड कोरडंच अंथरा, हाताने सुरकुत्या काढा आणि मध्यावर इपॉक्सी ओतून रबरी पट्टीने टोकांकडे ओढत न्या. कापडाला प्यायला जेवढी लागते तेवढीच ठेवा. जास्त राहिली तर कापड तिच्यावर तरंगतं.

हे काम दुपार कलल्यावर सुरू करा. सकाळी लाकूड तापत जातं तशी त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत शेकडो बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड गार होतं आणि उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. ही एक गोष्ट कळल्यावर माझं निम्मं घासकाम वाचलं.

विणीची खाच भरायला आणखी दोन हात द्या, शक्यतो आधीचा हात पूर्ण वाळायच्या आत, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात. दिवस उलटला तर साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात.

काठ, पेट्या, बैठक

सागाच्या पट्ट्या काठाला आतून-बाहेरून लावा. साग तेलकट असतो. चिकटवायच्या आधी ती बाजू अॅसिटोनने पुसून घ्या. दर वीतभर अंतरावर क्लॅम्प लागतो आणि एवढे क्लॅम्प कुणाकडेच नसतात. चार इंची पीव्हीसी पाइपाचे दोन बोटं रुंद काप करा, प्रत्येकाला एक उभी चीर द्या. हे चिमटे फार छान धरतात. भंगारातल्या पाइपातून साठ-सत्तर निघाले.

दोन्ही टोकांना आडवी फळी आणि वर झाकण देऊन हवाबंद पेट्या करा. होडी उलटली तर याच तिला तरंगत ठेवतात, म्हणून त्या ऐच्छिक समजू नका. प्रत्येक पेटीला फिरकीचं एक झाकण द्या, आत ओल आली तर वाळवता येते. बैठक तळापासून २० ते २५ सेंमीपेक्षा उंच नको. लाकडी चौकटीवर नायलॉनची नवार विणली की झालं. पाणी साचत नाही आणि बसायला खाटेसारखी मऊ.

इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि भुगा होऊन सुटते. बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात, आतून उन्हाला टिकणारं पीयू वॉर्निश तीन हात द्या. रंग फिकाच निवडा. गडद होडी उन्हात इतकी तापते की हात लावता येत नाही.

वल्हं शिवणीच्या लाकडाचं करा, हलकं आणि चिवट असतं. लांबी उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत, पात्याची रुंदी १८ ते २० सेंमी. दांडी अंगठा आणि तर्जनीच्या कडीत आरामात फिरेल इतकी जाड.

पाण्यात

पहिली चाचणी कंबरभर, थांबलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्यात. गावचा तलाव चांगला. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र कधीही जाऊ नका. त्याच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. धरणाच्या जलाशयात उतरण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या स्थानिक कार्यालयात परवानगीचं विचारा, खाडीत उतरायचं तर बंदराच्या कार्यालयात. पावसाळ्यात नदी नाही. जीवरक्षक जॅकेट अंगात घातलेलं असलं पाहिजे, होडीत ठेवलेलं नाही.

आम्ही नारळ वाढवला, आईने नाळेला कुंकू लावलं, आणि नंतर मी मुद्दाम होडी उलटी केली. हे प्रत्येकाने करावं. भरलेली होडी कशी तरंगते, तिला धरून काठापर्यंत यायला किती दम लागतो, पेट्यांत पाणी शिरतं का, हे सगळं कंबरभर पाण्यात कळलेलं बरं. माझ्या मागच्या पेटीत वाटीभर पाणी शिरलं होतं. फिरकीच्या झाकणाखालचा रबर उलटा बसला होता.

चढताना होडीच्या मध्यरेषेवर पाय ठेवा, दोन्ही काठ हातांनी धरा आणि लगेच खाली बसा. पहिल्या दिवशी गुडघ्यांवर बसून वल्हवा. गुडघे तळाला टेकले की होडीचं हलणं अंगात उतरतं आणि अर्ध्या तासात भीती जाते.

घरी आणल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि पुसून उलटी ठेवा, जमिनीवर नाही तर दोन लाकडी पट्ट्यांवर, पेट्यांची झाकणं उघडी ठेवून. दगडाने तळ खरवडला असेल तर नखाने तपासा. नख नुसतं रंगात अडकलं तर हंगामाच्या शेवटी बघता येईल. फायबरच्या पार जाऊन लाकूड दिसत असेल तर ते पूर्ण वाळू द्या, घासा आणि पुढच्या फेरीआधीच इपॉक्सीचा हात द्या.